केडगावच्या मेजावरील मिग-२१

महाराष्ट्रात केडगाव म्हटले की दोन गावे डोळ्यांसमोर येतात. एक दौंड तालुक्यातील, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे देशभर नाव झालेले. दुसरे नगर शहराला पुण्याच्या अंगाने लागून असलेले, रेणुकामातेच्या मंदिरामुळे पंचक्रोशीला ठाऊक असलेले. प्रस्तुत लेख या दुसऱ्या केडगावाविषयी आहे. एके काळचे हे स्वतंत्र गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पुण्याहून येणारी वाहने बायपासच्या चौकात वाटा बदलतात. काही शहरात शिरतात, काही शहराला वळसा घालून पुढे जातात. नवरात्रात देवीच्या दर्शनासाठी पहाटेपासून माणसांची रीघ लागते. २०२४ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. कागदोपत्री तेच नाव चालते, पण एस.टी.च्या थांब्यावर उभा असलेला माणूस अजूनही ‘नगरला जायचंय’ असेच म्हणतो.

या परिसराचा विमानांशी तसा संबंध नाही. नगर ही रणगाड्यांची भूमी. भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे, आणि खारे कर्जुने परिसरातील के. के. रेंजवर रणगाड्यांच्या गोळीबाराचा सराव चालतो. येथील माणसाला रणगाडा ओळखीचा. लढाऊ विमान मात्र प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात, दूरदर्शनच्या पडद्यावर पाहावयाचे. तरीही लढाऊ जेट विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती करण्याचा छंद ज्याला जडला, त्या केडगावच्या रहिवाशाने हळहळण्याचे कारण नाही. या छंदाची पहिली शाळा त्याच्या घरापासून काही किलोमीटरांवर आहे, आणि ज्या विमानाची प्रतिकृती करावी असे वाटते, ते जेथे बांधले गेले ते गाव सकाळी निघून दुपारपर्यंत गाठता येते.

पहिली शाळा म्हणजे नगरचे रणगाडा संग्रहालय. निजामशाहीतील फराहबक्ष महालाच्या परिसरात, लष्करी हद्दीत, १९९४ मध्ये ते सुरू झाले. आवारात ओळीने उभ्या असलेल्या यंत्रांत पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स-रॉइस चिलखती मोटार आहे, ब्रिटिश बनावटीचे माटिल्डा, चर्चिल व सेंच्युरियन आहेत, भारतात तयार झालेला विजयंता आहे आणि १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटनही आहे. सुटीच्या दिवशी येथे कुटुंबे येतात, मुले तोफेच्या नळीखाली उभी राहतात, छायाचित्रे निघतात. प्रतिकृतिकार येथे आला तर तो तोफेकडे फारसा पाहत नाही. तो वाकून चाकांमधली फट पाहतो, पोलादी पत्र्यांच्या सांध्यावरील वेल्डिंगची रेघ पाहतो, ओतीव बुरुजाचा खडबडीतपणा हाताने नव्हे तर डोळ्याने चाचपतो.

संग्रहालयातील रंगावर मात्र त्याने विसंबू नये. उघड्या आवारातील यंत्र टिकावे म्हणून त्यावर वेळोवेळी रंगाचे थर चढवावे लागतात. तो रंग संरक्षणासाठी असतो, पुराव्यासाठी नव्हे. युद्धाच्या दिवशी त्या रणगाड्याचा रंग कोणता होता, कोठे उडाला होता, कोठे चिखल वाळला होता, हे त्या काळच्या छायाचित्रांतून शोधावे लागते. वस्तू आकार सांगते आणि छायाचित्र अवस्था सांगते. या दोहोंचा ताळमेळ घालणे हेच प्रतिकृतिकाराचे खरे काम आहे. कात्री, डिंक आणि रंग यांची कामे त्यानंतरची.

आणखी एक गोष्ट रणगाड्यांजवळ उभे राहून शिकता येते. रणगाड्यावरचे डाग खाली ओघळतात. पावसाचे पाणी, गंज, इंधन भरताना सांडलेले तेल, सारे गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने उतरते. विमानाचे तसे नाही. वेगाने उडणाऱ्या विमानाच्या अंगावर गळलेले तेल आणि धूर यांच्या रेषा मागच्या दिशेला ओढल्या जातात. धावपट्टीच्या कडेला उभे असताना पडलेले डाग तेवढे खाली येतात. नवशिका माणूस विमानावर रणगाड्यासारखे ओघळ काढतो, आणि मग ते विमान कधी उडालेच नाही असे दिसू लागते.

आता विमान कोणते निवडावे? महाराष्ट्रातील माणसासाठी या प्रश्नाचे एक उत्तर जवळजवळ ठरलेले आहे : मिग-२१. १९६३ मध्ये हे सोव्हिएत बनावटीचे विमान भारतीय वायुदलात आले. चंदीगडच्या अठ्ठावीस क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने ते प्रथम स्वीकारले; ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडणारे देशाचे ते पहिले लढाऊ विमान. त्याची बांधणी भारतात करण्यासाठी हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे स्थापन झाला. त्या वेळचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण हे १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. पुढे या कारखान्यातून साडेसहाशेहून अधिक मिग-२१ बाहेर पडली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी, जेथे ते प्रथम आले त्या चंदीगडमध्येच, वायुदलाने त्याला समारंभपूर्वक निरोप दिला.

परंतु ‘मिग-२१’ एवढे म्हणून भागत नाही. ओझरला तीन निरनिराळी मिग-२१ विमाने तयार झाली. वायुदलाच्या भाषेत पहिले टाइप ७७, म्हणजे एफएल. दुसरे टाइप ९६, म्हणजे एम. तिसरे टाइप ७५, म्हणजे बिस. अनोळखी डोळ्याला तिन्ही सारखीच वाटतात : नळीसारखे धड, नाकावर शंकू, त्रिकोणी पंख. जवळून पाहिले की फरक उलगडू लागतात. एफएलचा वैमानिकाच्या डोक्यावरचा पारदर्शक घुमट पुढच्या बाजूला बिजागरी असल्यामुळे पुढे झुकून उघडतो. नंतरच्या दोन्ही प्रकारांत तो उजव्या बाजूला कलतो. एफएलच्या धडात तोफ नाही, गरज पडली तर ती पोटाखाली वेगळी टांगावी लागे; एममध्ये ती पोटातच बसविलेली आहे. पाठीवरचा कणा एफएलमध्ये सडसडीत, एममध्ये भरदार, तर बिसमध्ये चांगलाच फुगीर. एफएलचा घुमट बाजूला उघडलेली प्रतिकृती किंवा एफएलच्या शेपटीवर बिसचा क्रमांक म्हणजे एका खातेदाराची शिल्लक दुसऱ्याच्या खात्यावर मांडण्यासारखे आहे. बेरीज जुळते, पण हिशेब खोटा असतो.

म्हणून जाणकार प्रतिकृतिकार एक प्रकार निवडून थांबत नाही. तो एक विशिष्ट विमान निवडतो, त्याच्या शेपटीवरच्या क्रमांकासह, आणि शक्य असेल तर एक विशिष्ट दिवसही. १९७१ चे उदाहरण घ्यावे. तोपर्यंत भारतीय मिग-२१ विमाने धातूच्या मूळ चंदेरी झळाळीतच उडत असत. युद्धाच्या तोंडावर त्यांना लपवणूक रंग देण्याची निकड निर्माण झाली आणि तो बहुतांशी तळावरच, हाती येईल त्या साधनांनी, घाईने दिला गेला. त्यामुळे एका स्क्वॉड्रनची रंगरचना दुसऱ्याशी जुळत नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील गव्हर्नर हाउसवर अठ्ठावीस क्रमांकाच्या स्क्वॉड्रनच्या मिग-२१ विमानांनी विंग कमांडर बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली रॉकेटे डागली; तेथील राज्यपालांनी त्याच दिवशी राजीनामा दिला, आणि दोन दिवसांनी शरणागती झाली. या मोहिमेतील विमान करावयाचे तर नोव्हेंबरातला चंदेरी रंग चालणार नाही, आणि १९७५ चा नीटनेटका हिरवाही चालणार नाही.

अशी निवड झाली की पेटी उघडावयाची. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची ही किटे जपानमधील तामिया व हासेगावा, इंग्लंडची एअरफिक्स, चेक प्रजासत्ताकातील एडुआर्ड अशा कंपन्यांची असतात. मिग-२१ च्या बाबतीत एडुआर्डची, १:४८ प्रमाणातील किटे जगभरचे हौशी वाखाणतात. केडगावात ती मिळत नाहीत. पुण्या-मुंबईच्या मोजक्या दुकानांतून, नाही तर कुरिअरने मागवावी लागतात, आणि जकात व भाडे मिळून किंमत बरीच वाढते. १:४८ प्रमाणात सव्वासात मीटरांच्या आतले मिग-२१ चे पंख, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पंधरा सेंटिमीटरांत बसतात. १:७२ मध्ये जेमतेम दहा सेंटिमीटरांत. १:४८ मध्ये माणसाचा केससुद्धा तीन मिलिमीटर जाडीच्या तारेएवढा ठरतो. रंगाचा थर थोडा जाड झाला तर विमानाला गोधडी पांघरल्यासारखे दिसते, ते यामुळेच.

कामाची सुरुवात बाहेरून होत नाही, आतून होते. प्रथम वैमानिकाची बसण्याची जागा. मिग-२१ ची ही जागा आतून निळसर हिरव्या रंगाची असे. सोव्हिएत विमानांचा हा रंग एकदा पाहिला की विसरत नाही. त्यावर काळी उपकरणफलके, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे संकटकालीन दांडे, आसनाचे पट्टे. किटमध्ये हे सारे असते, पण ठोकळेबाज. येथून पुढे तपशील भरण्याचे काम सुरू होते आणि केडगावचा बाजार उपयोगी पडू लागतो. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी पत्रा कापून आसनाचे पट्टे होतात. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात शेतपंपाच्या जळालेल्या मोटारीतून निघालेली तांब्याची बारीक तार चाकाच्या खोबणीतील नळ्यांसाठी नामी असते; दुकानदार ती मूठभर सहज देतो आणि ‘कशाला हवी?’ म्हणून विचारतो. उत्तर ऐकल्यावर आणखी एक मूठ देतो. मिगच्या नाकापुढे भाल्यासारखी निघालेली वायुवेग मोजण्याची लांब दांडी किटमध्ये प्लॅस्टिकची असते आणि हमखास मोडते. तिच्या जागी इंजेक्शनच्या एकात एक बसणाऱ्या दोन सुया लावाव्यात. भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात त्या उरलेल्या काड्या मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून हलक्या हाताने ताणल्या की केसासारखा धागा निघतो. तोच विमानाच्या बारीक काट्यांसाठी वापरावा.

नाकातील शंकूमागे थोडे वजन भरावे लागते. ते विसरले तर तीन चाकांचे हे विमान शेपटीवर बसते आणि तोपर्यंत धडाचे दोन भाग कायमचे चिकटलेले असतात. सांध्यांत पुट्टी भरावी, पॉलिश पेपरने घासावे, घासताना पत्र्याच्या जोडरेषा पुसल्या गेल्या तर सुईने पुन्हा कोराव्यात. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि तिच्यातून सुटका नाही. पाच-सात रात्री यातच जातात. घरातल्यांना या काळात काही प्रगती दिसत नाही. उलट मेजावर पांढरी भुकटी तेवढी वाढत जाते.

रंगकामाला नगरच्या हवेचा विचार करावा लागतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. हिवाळ्याच्या अखेरीपासून हवा कोरडी, आणि महामार्गाची धूळ खिडकीतून आत येण्यास टपलेली. एप्रिल-मे महिन्यांत एअरब्रशच्या टोकाशीच रंग वाळतो आणि पृष्ठभागावर दाणे उडतात. अनुभवी माणसे म्हणून पहाटे किंवा पावसाळ्यातील उघडिपीत रंगवितात, रंग नेहमीपेक्षा पातळ करतात, पंखा बंद ठेवतात आणि खोलीत आधी पाणी शिंपडून धूळ बसवितात. रंगावर चकचकीत वार्निश, त्यावर पाण्यात भिजवून उतरविलेली डिकॅल नावाची पातळ चिन्हे, त्यानंतर जोडरेषांत झिरपविलेला पातळ काळपट रंग आणि अखेरीस चमक मारणारे वार्निश, हा क्रम मोडून चालत नाही. भारतीय वायुदलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि केंद्रस्थानी हिरवा रंग असतो. परदेशी किटांतील केशरी पुष्कळदा लालीकडे झुकतो. तो बदलून घेण्याइतका हट्ट येथे धरावा.

शेपटीकडची नळी सर्वांत शेवटी रंगवावी. तेथे एकच रंग नसतो. तापून गार झालेल्या धातूवर करडा, तपकिरी, जांभळट, निळा असे पट्टे उमटलेले असतात. स्वयंपाकघरातील जुन्या स्टीलच्या पातेल्याचा करपलेला तळ उजेडात धरून पाहिला तर त्यांची बरीच कल्पना येते.

इतके झाल्यावर माणसाला मूळ वस्तू पाहण्याची ओढ लागते. दिल्लीला पालमच्या वायुदल संग्रहालयात मिग-२१ आहे, पण ते दूर. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एचएफ-२४ मरुत उभे आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली भारतात आखलेले आणि १९६१ मध्ये प्रथम उडालेले हे जेट देखणे होते, पण त्याच्या योग्यतेचे इंजिन त्याला कधीच मिळाले नाही. केडगावकराने मात्र एकदा ओझरची वाट धरावी. राहुरीचे कृषी विद्यापीठ मागे पडते, कोल्हारला प्रवरा ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागतो. शिर्डीनंतर सिन्नरच्या अंगाने मुलूख पुन्हा उघडा होतो. नाशिकपासून आग्रा रस्त्याने थोडे पुढे गेले की निफाड तालुक्याच्या द्राक्षबागांच्या शेजारी कारखान्याची लांबच लांब हद्द आणि वसाहत लागते. परिसरातील लोक या ठिकाणाला ‘ओझर मिग’ म्हणतात. गावाच्या नावाला विमानाचे नाव असे जोडले गेल्याची उदाहरणे फार नसावीत.

कारखान्यात प्रवाशाला प्रवेश नसतो, आणि तो नसावा हेच योग्य. बाहेरून दिसते ती नेहमीची औद्योगिक वसाहत : झाडे, शाळा, सायकली, पाळी सुटण्याची वेळ. परंतु ज्याने घरी महिनाभर जोडरेषा कोरल्या आहेत त्याला या भिंतीआड काय घडले असेल याची थोडी जाणीव होते. त्या प्रत्येक रेषेमागे पत्र्याची कड होती, प्रत्येक ठिपक्यामागे रिव्हेट होता, आणि तो कोणीतरी मापात बसविलेला होता. निफाड, चांदवड, सिन्नर भागातील किती घरांची चूल या रिव्हेटांवर पेटली असेल!

या विमानाची दुसरी बाजूही येथेच आठवते. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार वायुदलाने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गमावली होती आणि १७१ वैमानिकांचे प्राण गेले होते. यात मिगचे सर्व प्रकार आले, पण मोठा वाटा मिग-२१ चा. प्रगत प्रशिक्षणाचे जेट विमान वायुदलाला २००८ मध्ये, हॉकच्या रूपाने मिळाले. तोपर्यंत कोवळ्या वयाचे वैमानिक साध्या विमानांवरून या अतिवेगवान, धावपट्टीवर वेगाने उतरणाऱ्या यंत्रावर येत असत. सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातील सूरतगड येथून रात्री उड्डाण केलेल्या मिग-२१ च्या अपघातात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी या विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न धैर्याने जाहीरपणे मांडला, आणि त्या प्रश्नाला घराघरांत तोंड फुटले. मिग-२१ ची प्रतिकृती करणाऱ्याने १९७१ ची झळाळी तेवढी उचलू नये. युद्धाच्या दिवसापेक्षा सरावाच्या एखाद्या सामान्य दिवसाचे विमान करणे अधिक सच्चेपणाचे ठरेल, कारण या विमानांचे आयुष्य आणि त्यांतील बहुतेक वैमानिकांचे मरण अशाच दिवसांत घडले.

सरावाचे विमान करावयाचे तर किटमधील रॉकेटे व क्षेपणास्त्रे पेटीतच राहू द्यावीत. पोटाखाली इंधनाची एक जादा टाकी पुरेशी. घुमट उघडा ठेवावा, शिडी लावावी, आसनावर शिरस्त्राण ठेवावे. वैमानिक यायचा आहे की नुकताच उतरला आहे, ते पाहणाऱ्याने ठरवावे. अशी प्रतिकृती पाहुण्यांच्या मुलांना थोडी निराश करते, कारण त्यांना क्षेपणास्त्रे हवी असतात. थोरांपैकी कोणीतरी मात्र त्या रिकाम्या आसनाकडे जरा जास्त वेळ पाहत राहते.

मिगच्या निरोपानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क १ए विमानाने संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत उड्डाण केले. ते नवे कोरे आहे. त्याच्या पोटावर तेलाची रेघ नाही, शेपटीच्या नळीवर निळे-जांभळे पट्टे अजून पुरते उमटायचे आहेत. ज्याला पुढेमागे त्याची प्रतिकृती करावयाची असेल त्याने वर्तमानपत्रांतील आजची छायाचित्रे कापून, मागे तारीख घालून, आत्तापासूनच फाइलला लावण्यास हरकत नाही.